मादागास्करच्या जंगलात पानशेपटी पाल कशी शोधावी

पानशेपटी पाल बघायला मादागास्करला गेलेला माणूस सहसा सकाळी जंगलात शिरतो, चार तास झाडांच्या बुंध्यांकडे टक लावून बघतो आणि दुपारी आखडलेली मान चोळत परत येतो. पाल कदाचित त्याच्या नाकासमोरच होती. तिचं सगळं सोंग दिवसासाठी असतं. दिवसभर ती झोपते, आणि झोपलेल्या जिवाला लपल्याशिवाय गत्यंतर नसतं. अंधार पडला की ती हलायला लागते, सालीला चिकटवलेलं अंग सोडवते, शिकारीसाठी उघड्यावर येते. म्हणून क्रम उलटा ठेवायचा. आधी रात्री पाल शोधायची, आणि मग सकाळी त्याच झाडापाशी परत जाऊन तिचं सोंग बघायचं.

आधी ओळख करून घ्या

या पालींच्या प्रजातीगटाचं शास्त्रीय नाव युरोप्लाटस. मादागास्कर आणि त्याच्या किनाऱ्यालगतची काही बेटं सोडली तर जगात हा गट कुठेच नाही. आजवर वीसहून अधिक जातींना नावं मिळाली आहेत आणि अजून मिळतच आहेत. मारोजेजीच्या डोंगरातली फिनारित्रा २०१९ साली नोंदली गेली, उत्तरेकडची गारामासो २०२३ साली. या सगळ्या जाती पाठ करण्याची गरज नाही. शोधणाऱ्याच्या दृष्टीनं दोनच ढोबळ गट कामाचे: सालीसारख्या दिसणाऱ्या आणि पानासारख्या दिसणाऱ्या.

सालीवाल्या आकारानं मोठ्या. फिम्ब्रिएटस आणि जायगँटियस शेपटीसकट फुटभर लांब होतात, सिकोरे आणि हेंकेली त्याहून लहान. चपटं अंग, पसरट शेपटी आणि हनुवटीपासून कुशीपर्यंत गेलेली कातडीची झालर ही त्यांची खूण. ही झालर केवळ शोभेची नसते. कुठलीही वस्तू खोडावर चिकटली की तिच्या कडेला सावलीची एक बारीक रेघ पडते, आणि आपला डोळा वस्तू ओळखतो तो त्या रेघेवरून. पाल झालर पसरून सालीला घट्ट दाबून धरते, कडेचा उतार इतका हळूहळू सालीत मिसळतो की सावलीला पडायला जागाच उरत नाही. वर अंगावर शेवाळ आणि दगडफुलाचे चट्टे. रंगही ती थोडाफार गडद-फिका करू शकते.

पानवाल्या म्हणजे फँटास्टिकस, एबेनाउई आणि त्यांच्या जवळच्या जाती. या बोटभर लांबीच्या. पाठीवर पानाच्या मधल्या शिरेसारखी रेघ, शेपटी वाळक्या पानासारखी, आणि काहींच्या शेपटीला किडीनं कुरतडल्यासारख्या खाचासुद्धा. या खोडावर बसत नाहीत. झुडपात, डहाळीला, वाळक्या पानांच्या घोळक्यात लटकलेल्या असतात. नजर कुठल्या उंचीवर फिरवायची ते या फरकावरून ठरतं, म्हणून त्याबद्दल एवढं लिहिलं.

डोळ्यांबद्दल एक गोष्ट. या पालींना मिटता येणाऱ्या पापण्या नसतात. डोळा साफ करायचा तर त्या जिभेनं चाटतात. दिवसा बाहुली आकसून उभी रेघ होते आणि भोवतालच्या बुबुळावर सालीसारखीच नक्षी असते. त्यामुळे डोळा उघडा असूनही तो डोळा वाटत नाही. रात्री तीच बाहुली मोठी, काळी, गोल होते आणि मग चेहरा लगेच चेहऱ्यासारखा दिसतो.

जंगल ठरवा, मग तिकीट काढा

मादागास्करच्या पूर्व किनाऱ्याला समांतर डोंगररांग आहे. हिंद महासागरावरून येणारे वारे तिच्यावर ढग रिते करतात, म्हणून पूर्वेला ओलं सदाहरित जंगल आहे आणि पश्चिमेला पानगळीचं कोरडं जंगल. पानशेपटी पाली दोन्हीकडे आहेत, पण जाती वेगळ्या आणि शोधायची पद्धतही थोडी वेगळी.

पहिल्यांदाच जात असाल तर माझं मत आंदासिबेला. राजधानी अंतानानारिवोपासून पूर्वेकडे राष्ट्रीय महामार्ग दोननं साधारण दीडशे किलोमीटर. सिकोरे बघायची तर याहून सोपी जागा नाही, आणि आसपास गावकऱ्यांच्या व स्थानिक संस्थांच्या ताब्यातली राखीव जंगलं असल्यानं रात्रीच्या फेरीची सोय आहे. दक्षिणेकडे रानोमाफाना, १९९१ साली झालेलं राष्ट्रीय उद्यान. सोनेरी बांबू लेमूर या माकडासारख्या प्राण्यामुळे ते गाजलं, पण फँटास्टिकससाठी जाणाऱ्यांचीही ती आवडती जागा आहे. इथं पाऊस आणि जळवा दोन्ही भरपूर.

फिम्ब्रिएटस बघायची असेल तर ईशान्येला मारोआन्सेत्रा गाठावं लागतं आणि तिथून होडीनं नोसी मांगाबे. अँतोंगिल उपसागरातलं हे ५२० हेक्टरचं जंगलानं भरलेलं बेट मासोआला राष्ट्रीय उद्यानात मोडतं. प्रवास दगदगीचा आहे, समुद्र खवळला तर होडी सुटत नाही, आणि तरीही पैसे आणि दिवस हाताशी असतील तर मी हीच जागा निवडेन. खोडावर फुटभर लांबीची पाल हे दृश्यच निराळं.

उत्तर टोकाला मोंतान्य दांब्र आहे, म्हणजे अंबर पर्वत. १९५८ साली झालेलं हे उद्यान म्हणजे कोरड्या मुलखात उभा असलेला ओल्या जंगलाचा डोंगर. जायगँटियस इथली, आणि फिनियावाना नावाची छोटी पानवालीही इथलीच. नोसी बे बेटावरच्या लोकोबे जंगलात हेंकेली आणि एबेनाउई मिळतात. पश्चिमेच्या कोरड्या जंगलातली गुंथेरी पाहायची तर आंकाराफांत्सिका. ही पाल दगडफुलाऐवजी वाळक्या काटक्यांचं सोंग घेते, आणि तिच्या मागे लागणाऱ्यानं पहिल्या दोन रात्री हात हलवत परतायची तयारी ठेवावी.

नकाशावर हिरवं दिसतं ते सगळं जंगल नसतं. आंदासिबेच्या वाटेवर निलगिरीची मोठी लागवड आहे. निलगिरीची साल सोलून गळते, तिच्यावर शेवाळ फारसं टिकत नाही, खाली झुडपंही विरळ. अशा ठिकाणी रात्र घालवू नका. मूळ जंगलाचा मोठा भाग तावीमुळे गेला. तावी म्हणजे जंगल तोडून, जाळून भातशेती करायची पद्धत. कोळसा आणि शिसवासारख्या लाकडाच्या चोरट्या तोडीनंही हातभार लावला. पूर्वेकडच्या सहा राष्ट्रीय उद्यानांना मिळून २००७ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, २०१० साली या लाकूडतोडीपायीच ती धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेली आणि २०२५ साली त्या यादीतून बाहेर आली. पाली मात्र उरलेल्या तुकड्यांतच अडकून आहेत. झाड गेलं की सालीचं सोंग घेऊन उपयोग काय?

कधी जायचं

पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मे ते ऑक्टोबर कोरडा, त्यात जून ते ऑगस्ट थंड. थंडीत सरपटणारे प्राणी सुस्तावतात आणि रात्र-रात्र बाहेर पडत नाहीत. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा काळ, ईशान्येचे रस्ते आणि होड्या त्यात बेभरवशाच्या. या दोहोंमधला ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबरचा मध्य हा काळ मला सगळ्यात बरा वाटतो. पहिल्या सरी पडल्या की कीटक वाढतात आणि त्यांच्यामागे पाली खाली उतरतात.

चांगली रात्र कोणती? संध्याकाळी पाऊस पडून गेलेला, वारा थांबलेला, हवा दमट आणि उबदार. वारा असेल तर पानं हलतात आणि झुडपातली पानवाली शोधणं जवळपास अशक्य होतं. एका जागी किमान तीन रात्री ठेवा. एका रात्रीत आटोपणारा हा खेळ नाही.

नियम आणि गाइड

ही बाब आधीच नीट समजून घ्या, नाहीतर तिथं जाऊन हिरमोड होतो. मादागास्करच्या राष्ट्रीय उद्यानांत अंधार पडल्यावर फिरायला मनाई आहे. रात्रीची फेरी होते ती उद्यानाच्या कडेच्या रस्त्यावर किंवा गावकऱ्यांच्या आणि खासगी राखीव जंगलांत. आंदासिबेला मित्सिंजो ही स्थानिक संस्था आणि वोइम्मा हे गावकऱ्यांचं जंगल, दोन्हीकडे अशा फेऱ्या होतात. रानोमाफानाला लोक डांबरी रस्त्याच्या कडेनं चालतात. ऐकायला फिकं वाटतं, पण जंगलाची कड म्हणजे झुडपांची दाटी, आणि झुडपांच्या दाटीत कीटक. काही रात्री आतल्या वाटेपेक्षा रस्त्याकाठीच जास्त दिसतं.

उद्यानात गाइड घेणं सक्तीचं आहे. सक्ती नसती तरी घ्यावा. तो रोज त्याच वाटेनं जातो, त्यामुळे कालच्या रात्री कुठल्या खोडावर काय होतं ते त्याला ठाऊक असतं. त्याच्याशी दिवसाउजेडी बसून दोन गोष्टी ठरवा. एक, तुम्हाला पाली बघायच्या आहेत. नाहीतर रात्रीची फेरी म्हणजे उंदीर-लेमूर असं धरून तो वरच्या फांद्यांवर टॉर्च मारत राहील. दोन, पाल पकडायची नाही, हलवायची नाही, फोटोसाठी सोयीच्या फांदीवर आणून बसवायची नाही. काही पर्यटक त्यासाठी जादा पैसे देतात, त्यामुळे सवय लागलेली असते. तुम्ही नको म्हणालात तर बहुतेक गाइडांना बरंच वाटतं.

गावागणिक फादी असतात, म्हणजे पूर्वापार चालत आलेले निषेध: अमुक ठिकाणी बोट दाखवायचं नाही, तमुक दिवशी जंगलात जायचं नाही. गाइडला विचारा आणि पाळा. भाषा मालागासी आणि फ्रेंच. ‘मिसाओत्रा’ म्हणजे आभार, ‘अझाफादी’ म्हणजे कृपया किंवा माफ करा, आणि ‘मोरा मोरा’ म्हणजे सावकाश. तिसरा शब्द रात्रीच्या फेरीत सगळ्यात कामाचा.

पैसे अरियारीत आणि रोख. सगळ्यात मोठी नोट वीस हजारांची, त्यामुळे पाकीट फुगतं. त्यातही सुट्ट्या नोटा हव्यात, जंगलाजवळच्या गावात एटीएमची आशा धरू नका.

बरोबर काय घ्यायचं

एक हेडलॅम्प, एक हातातला टॉर्च, दोन्हींच्या जादा बॅटऱ्या. रेनकोट, लांब बाह्यांचा शर्ट, आणि जळवांसाठी पँट मोज्यात खोचायची. दुर्बीण घ्या, रात्रीसुद्धा: चार मीटर उंचीवरची गाठ पाल आहे का गाठच, हे पायथ्याशी उभं राहून ठरवता येतं. मलेरियाची गोळी डॉक्टरला विचारून निघण्याआधीच सुरू करावी लागते. सापांची धास्ती बाळगू नका. मादागास्करच्या जमिनीवर नाग किंवा घोणसाच्या कुळातला एकही साप नाही.

बूट आणि पिशव्या निघण्यापूर्वी घासून, वाळवून घ्या. दक्षिण आणि आग्नेय आशियात सर्रास दिसणारा एक भेक मालाबरोबर तोआमासिना बंदरात पोचला, २०१४ साली तो तिथं पसरल्याचं लक्षात आलं आणि आता तो हटता हटत नाही. चिखलातून बुरशी आणि बियाही अशाच प्रवास करतात.

दिवसा झाडं हेरा

रात्री ज्या वाटेनं जायचं आहे तिच्यावरून दुपारी एकदा चाला. पाल शोधायला नाही, झाडं बघायला. सालीवालीला हवं असतं शेवाळ किंवा दगडफूल असलेलं, मांडीएवढं किंवा त्याहून जाड खोड, शक्यतो सरळ उभं. पानवालीला हवी कमरेएवढ्या उंचीची झुडपं, ज्यांच्या फांद्यांत वरून गळलेली वाळकी पानं अडकून राहिली आहेत. ओढ्याकाठी आणि पडलेल्या झाडाच्या मोकळ्या जागेभोवती अशी झुडपं जास्त.

दहा-बारा जागा मनात किंवा वहीत टिपून ठेवा. खोडावरच्या ठळक गाठीही लक्षात ठेवा. रात्री एखादी नवी गाठ दिसली, तर ती गाठ नसते.

पालापाचोळा उचकटू नका आणि सुटलेली साल ओढू नका. या पाली एका वेळी साधारण दोन अंडी घालतात, ती पाचोळ्यात किंवा सुटलेल्या सालीमागे लपवलेली असतात आणि पिलं बाहेर यायला साधारण तीन महिने लागतात. तुम्ही ओढलेला सालीचा तुकडा एखाद्या घराचं छप्पर असू शकतो.

रात्री, मोरा मोरा

सूर्य ऋतूप्रमाणे साधारण सव्वापाच ते पावणेसातच्या दरम्यान मावळतो. पूर्ण अंधार झाल्यावर अर्ध्या तासानं निघा. पहिल्या तासात पाली दिवसाची जागा सोडत असतात, आणि तीच हालचाल तुमच्या फायद्याची.

पहिली पंधरा मिनिटं पाल विसरा आणि झोपलेले सरडे शोधा, म्हणजे शॅमेलिऑन. रात्री ते डहाळीच्या टोकाला शेपटी गुंडाळून झोपतात आणि उजेडात फिकट पांढुरके चमकतात. सोपे असतात. दोन-तीन सापडले की डोळ्याला डहाळी आणि प्राणी यांतला फरक कळू लागतो. हा सराव टाळणारे लोक नंतर गाइडवर विसंबून राहतात.

आता उजेडाची युक्ती. कपाळावरचा हेडलॅम्प समोरून उजेड टाकतो, त्यात सावल्या मरतात आणि खोड सपाट दिसतं. पालीला नेमकं तेच हवं असतं. म्हणून हेडलॅम्प मंद ठेवा आणि हातातला टॉर्च कमरेपाशी, खोडाच्या बाजूला धरून तिरका उजेड टाका. सालीच्या प्रत्येक भेगेला सावली येईल. झालर दाबून बसलेली पालही रात्री डोकं आणि पुढचे पाय उचलून असते, तिच्या गळ्याखाली सावली पडते. ती सावली शोधायची. बऱ्याचदा ती खोडावर डोकं खाली करून, खालून जाणाऱ्या किड्यावर नेम धरून असते, तेव्हा खालून वर बघताना तिचं तोंड पुढे आलेलं दिसतं.

डोळे चमकतील या भरवशावर राहू नका. जे लख्ख चमकतं ते बहुतेकदा कोळी, पतंग किंवा लेमूर असतं.

खोड बघताना तीन पट्टे करा: गुडघ्यापर्यंत, डोक्यापर्यंत, आणि त्यावर टॉर्च पोचेल तिथपर्यंत. एक पट्टा पुरा झाल्यावरच दुसरा. मग झाडाला अर्धा वळसा घालून मागची बाजू. झुडपासाठी उलट करा: जवळ उभं राहून, टॉर्च मागून धरून, पानांची काळी आकृती बघा. खरं पान देठानं लटकतं. पानवाली पाल पायांनी धरून असते, म्हणजे त्या ‘पानाला’ चार देठ असतात. हा एक फरक पकडला की काम निम्मं होतं.

वेग किती? तासाला दोनशे मीटर पुष्कळ झाले. गाइड पुढे पळत असेल तर तो तिसरा शब्द वापरा: मोरा मोरा.

खोडावर दुसरी जाडजूड पालही भेटेल, ब्लेसोडॅक्टिलस गटातली. ती मोठी असते, पण तिला झालर नसते आणि शेपटी गोल असते. तिला बघून ‘सापडली’ म्हणून ओरडणारा प्रत्येक गटात एकजण असतोच.

सापडल्यावर

थांबा. टॉर्च खाली घ्या, मग हळूहळू कडेच्या उजेडात तिला आणा. दोन मीटरवरून काही मिनिटं नुसतं बघा. ती निवांत असेल तर हळूच पाय उचलेल, डोळा चाटेल, कधी जवळच्या किड्यावर झेप टाकेल. ती शेपटी उंच करून लाल-केशरी तोंड वासत असेल किंवा ओरडत असेल तर तुम्ही फार जवळ आला आहात. मागे सरका. सिकोरेच्या तोंडाची आतली कातडी काळी असते, हा ओळखीचा गुण आहे खरा, पण तो बघण्यासाठी तिला डिवचायचं नाही.

फोटोसाठी फ्लॅशवर पांढरं कापड किंवा डिफ्यूझर लावा, बाजूनं मारा, चार-पाच फोटो आणि बस. तीव्र उजेडात तिची बाहुली आकसते आणि अंधाराला सरावलेली नजर परत यायला वेळ लागतो. त्या वेळात तिला शिकारही दिसत नाही आणि शिकारीही.

निघण्याआधी झाड लक्षात ठेवा. रस्त्यापासून किती पावलं, शेजारी कोणतं झाड, खोडाच्या कुठल्या बाजूला, किती उंचीवर. रिबिनी बांधू नका, वहीत लिहा.

सकाळी त्याच झाडापाशी

उजाडल्यावर सात-आठच्या सुमाराला परत जा. रात्रीची नेमकी जागा रिकामी असेल, त्यानं निराश होऊ नका. सालीवाली बहुतेकदा त्याच झाडावर किंवा शेजारच्या खोडावर झोपायला जाते, आणि पुष्कळदा डोकं खाली करून. आता सावली शोधून उपयोग नाही, ती तिनं पुसलेली असते. आता सममिती शोधा. दगडफुलाचे चट्टे कसेही वाढतात, पाल मात्र दोन्ही बाजूंनी सारखी असते. एका उभ्या रेघेच्या दोन्ही अंगांना सारखेच फुगवटे दिसले की तिथं थांबा आणि दुर्बिणीनं डोळ्याची उभी चीर शोधा. कधी पाच मिनिटं लागतात, कधी तास जातो, आणि कधी गाइड हसत हसत तुमच्या कोपरापाशी बोट दाखवतो.

फ्लॅश न वापरता एक फोटो काढा, खोड भरपूर दिसेल असा. घरी दाखवायला हाच चांगला: पाल कुठे आहे ते ओळखा म्हणायचं आणि गंमत बघायची.

फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकणार असाल तर ठिकाण धूसर करायचा पर्याय निवडा, आणि समाजमाध्यमावर टाकण्याआधी मोबाइलनं फोटोत आपोआप लिहिलेले अक्षांश-रेखांश काढून टाका. पाळण्यासाठी या पालींचा व्यापार चालतो. २००५ पासून संपूर्ण युरोप्लाटस गट साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, परवान्याशिवाय एकही पाल देशाबाहेर नेता येत नाही, तरी चोरटी ने-आण थांबलेली नाही. जंगलाचं नाव, तारीख, वेळ, उंची आणि झाडाचा प्रकार एवढं अभ्यासकांना पुरतं. वाटेवरचं नेमकं झाड तुमच्या आणि गाइडच्या वहीतच राहू द्या.